हरिश्चंद्रगडाचे पाणी

नगर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुष्काळ उभा राहतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. परंतु कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर या भागांचे पाऊसमान होते तेच राहिले. वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर तेथील शेतकरी देवापुढे नारळ फोडतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आपल्या अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीकडे मात्र चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ही तफावत आपण सर्वजण शाळेच्या भूगोलात शिकलो आहोत. तिच्यापुढची गोष्ट मला कचेरीत नोकरीस लागल्यावर समजली.

दरवर्षी शासनाला टंचाई आराखडा सादर करावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या वर्षी मी तो आराखडा सुवाच्य अक्षरात उतरवून काढीत होतो. तिसऱ्या टप्प्याची यादी लिहिता लिहिता हात थांबला. पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागणाऱ्यांत डोंगराकडच्या वाड्यांची नावे होती. ज्या ठिकाणी श्रावणात घराबाहेर पडता येत नाही, त्या ठिकाणी वैशाखात हंडाभर पाणी नाही! मला वाटले, लिहिणाऱ्याने पाने अदलाबदल केली असावीत. वरिष्ठ लिपिकांनी हसून सांगितले, "पाऊस आपला, पाणी खालच्यांचं. लिही तू."

कारण साधे आहे. आपला डोंगर उताराचा, वर माती वीतभर, खाली काळा पाषाण. आभाळातून पडलेले पाणी चार महिन्यांत प्रवरा-मुळेच्या पात्रात उतरते. प्रवरेचे भंडारदऱ्याला अडते; ते धरण इंग्रजी अमदानीत १९२६ साली पुरे झाले. मुळेचे राहुरीजवळ बारागाव नांदूरला अडते. नगर शहराची तहान याच मुळा धरणावर भागते. खालच्या शेतांत ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. त्याबद्दल तक्रार नाही, तीही आपलीच माणसे आहेत. पण एक प्रश्न उरतो. धरणे झाली ती शंभर वर्षांतली. टँकर आला तो त्याच्याही नंतर. आपल्या डोंगरातील गावे तर शेकडो वर्षांची. मग फाल्गुनापासून मृगापर्यंत ही गावे कशावर जगली?

उत्तर एका शब्दाचे आहे: झऱ्यावर. कातळाच्या पोटातून करंगळीएवढी धार यावी, तिच्याखाली हातभर खळगा असावा, रात्रभरात तो भरावा आणि पहाटे बायांनी रांगेने तो उपसावा, असे कित्येक झिरे आपल्या तालुक्यात आहेत. त्या सर्वांत मोठा मान हरिश्चंद्रगडाच्या पाण्याला आहे. जीर्णोद्धार समितीने स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख मागितला तेव्हा मी लढायांचा इतिहास न लिहिता या पाण्याचा लिहावा असे ठरविले. मी काही पंडित नव्हे, शिक्षण एस.एस.सी.पर्यंतच. तथापि जे पाहिले, जाणत्यांना विचारले व वाचले, ते सांगतो. ते आत्ताच सांगण्याचे कारणही आहे, ते ओघाने येईल.

आपल्या गावचे वृद्ध लोक महाशिवरात्रीला गडावर पायी जात. मुळेच्या काठाकाठाने कोतूळवरून वर सरकायचे, एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पाचनईतून चढायचे, असा त्यांचा क्रम. येताना प्रत्येकाजवळ केदारेश्वराच्या पाण्याची एक कासंडी असे. ते पाणी देवघरात ठेवीत, तापात कपाळाला लावीत, आणि शेवटच्या घटकेला तोंडात घालीत. गंगेचे पाणी मिळायला काशी गाठावी लागते. हे आपल्या पायांच्या टप्प्यातले.

आता अकोल्याहून राजूरमार्गे पाचनईपर्यंत गाडी जाते. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वरकडूनही एक वाट तोलार खिंडीतून येते. पण आपल्याला पाचनईची जवळ. मी आजवर पाच वेळा गेलो. त्यांतील चार वेळा देवदर्शनासाठी. शेवटच्या खेपेला चैत्रात मुद्दाम पाणी पाहण्यासाठी गेलो. त्या दिवसांत डोंगर पिवळा पडलेला असतो, कारवीच्या काटक्या उभ्या असतात, करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. पाचनईचे एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ बरोबर यायला तयार झाले. वय विचारले तर म्हणाले, "कारवीचे फुलोरे मोजा. धा-अकरा झाले असतील." कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, हे वाचकांस माहीत आहेच; हिशेब ज्याने त्याने करावा.

वाट गावातून निघून लवकरच एका प्रचंड कातळकड्याच्या पोटाखालून जाते. वरचा कातळ छपरासारखा पुढे आलेला आहे. बाहेर ऊन रणरणत होते आणि त्या छपराखाली भिंतीला ओल होती. बाबांनी मला थांबविले व हात लावून पाहण्यास सांगितले. वरचा पाषाण कोरडा ठणठणीत, खालचा पाषाणही कोरडा; आणि दोहोंच्या मधल्या सांध्यातून थेंब थेंब पाझर चाललेला. त्या सांध्याच्या खाली नेचे उगवले होते, मधमाश्या पाण्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाबा, सहा महिने झाले पाऊस संपून, हे पाणी येतं कुठून?"

"भाऊसाहेब, हे आजचं न्हाई. गेल्या आखाडातलं हाय. डोंगर वाईच वाईच सोडतोय."

शास्त्रज्ञही हेच सांगतात, फक्त अधिक शब्दांत. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या तप्त लाव्ह्याचा बनला आहे. हा लाव्हा एकदाच आला नाही. एक थर यावा, निवावा, पुष्कळ काळ लोटावा, त्यावर दुसरा यावा, असे थरावर थर बसले. म्हणून आपले डोंगर दुरून पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे. काही बुडबुडे राहिल्यामुळे सच्छिद्र. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. विहीर खोदणाऱ्या मंडळींना तो चांगला माहीत आहे. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते आणि अशा घट्ट थरावर किंवा तांबड्या पट्ट्यावर आले की त्याला पुढे वाट राहत नाही. मग ते आडवे सरकते, आणि जेथे डोंगराची कड येते तेथे बाहेर पडते. तो आपला झरा. डोंगराचे माथे जितके झाडीचे, जितकी तेथे माती, तितके मुरणे जास्त आणि झऱ्याचे आयुष्य लांब. माथा उघडा झाला की आषाढातले पाणी आषाढातच जाते, चैत्रापर्यंत शिल्लक काही राहत नाही.

या पाण्यात औषध आहे असे आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. याबाबत दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतात सर्व भाकडकथा, दुसरे म्हणतात सर्व रोगांवर उतारा. दोघांनीही पाण्याकडे नीट पाहिलेले नसते. पावसाचे पाणी हवेतून आणि विशेषतः कुजलेल्या पालापाचोळ्यातून मुरताना कार्बन डायऑक्साइड वायू घेते व किंचित आंबट होते. या आंबटपणामुळे ते पाषाणाला अगदी सावकाश झिजवते आणि त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका अशी खनिजे थोडी थोडी आपल्यात विरघळवून घेते. तेव्हा खनिज पाणी म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हे. दगडातून आलेले प्रत्येक पाणी खनिजयुक्तच असते. किती खनिज आले हे ते दगडात किती दिवस आणि किती खोल राहिले त्यावर ठरते. पाषाणाच्या भोकांत पांढरे चमकदार स्फटिक सापडतात, ज्यांना आपण गारगोट्या म्हणतो व मुले खिशात भरून आणतात, त्यांतील पुष्कळसे झिओलाइट जातीचे. तेही दगडातून फिरणाऱ्या पाण्यानेच पूर्वी केव्हातरी घडविलेले.

गडावरचे पाणी थोडेच महिने, थोडेच अंतर दगडात राहते. म्हणून त्यात खनिजे बेताची. ते हलके लागते. याची परीक्षा आपल्या घरच्या बायांनी प्रयोगशाळेविना केली आहे. डोंगरातल्या पाण्यात तुरीची डाळ लौकर शिजते. हीच डाळ खाली राहुरी-श्रीरामपूरकडच्या एखाद्या मचूळ विहिरीच्या पाण्यात तासभर रटरटली तरी गोट्याच्या गोट्या राहते. कारण त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम फार. पाणी साचून राहिल्याने त्या बाजूच्या काही काळ्या जमिनी खारावल्या, विहिरी खारट झाल्या. म्हणजे खनिज जास्त तेवढे पाणी चांगले, हा समज खरा नाही. केदारेश्वराच्या पाण्याची ख्याती असेल तर ती त्यात कमी असण्याची आहे.

भरपूर खनिज असलेले पाणी पाहायचे तर कोकणकड्यावर उभे राहून पश्चिमेला नजर टाकावी. त्या खोल दरीपलीकडे ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही ऊन पाण्याची कुंडे आहेत. आपल्या भागातील खरजेचे, सांधेदुखीचे पुष्कळ रोगी तेथे जाऊन आंघोळ करून आलेले आहेत. वसई घेण्यापूर्वी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता व १७३९ साली वसई हाती आल्यावर देवीचे मंदिर बांधले गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. असे उष्ण झरे कोकणात पालघरपासून थेट रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत एका ओळीने आहेत. उन्हवऱ्याचे पाणी तर सत्तर अंशांच्या आसपास, हात घालवत नाही. तेथे खाली ज्वालामुखी पेटलेला आहे असे काही लोक सांगतात, ते खरे नव्हे. तेथे जमिनीला खोल भेगा आहेत. पाणी त्या भेगांतून फार खाली जाते. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला सुमारे पंचवीस-तीस अंश उष्णता वाढते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. खोल व दीर्घ काळ राहिल्यामुळे त्यात क्षार फार. म्हणून ते अंगावर घ्यायचे, रोज प्यायचे नाही. एकाच सह्याद्रीच्या अल्याड थंड व गोड, पल्याड ऊन व खारे, असा हा संसार आहे.

असो. आपण गडावर चढू.

तासा-दीड तासात पठार येते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरांहून अधिक. तारामती हे त्याचे सर्वांत उंच शिखर. राज्यकर्त्यांचा इतिहास थोडक्यात असा, की १७४७-४८ च्या सुमारास मराठ्यांनी गड मोगलांकडून घेतला आणि १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. बुरूज-तटबंदी पाहण्यासाठी कोणी येथे येत नाही. येथे मोठेपण मंदिराचे आणि पाण्याचे, आणि दोन्ही वेगवेगळी नाहीत हे मला पाचव्या खेपेला उमगले.

हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर सुमारे सोळा मीटर उंच आहे. जाणकार त्याचा काळ नवव्या ते अकराव्या शतकाच्या दरम्यान धरतात. ते एका खळग्यात बसविलेले आहे. पहिल्या वेळी मला नवल वाटले होते की, एवढे मोठे पठार सोडून कारागिरांनी देऊळ खळग्यात का बांधले? कळस दुरून दिसावा असे कोणाला वाटत नाही? चैत्रात पाणी शोधीत फिरलो तेव्हा माझ्यापुरते उत्तर मिळाले. पाणी खळग्यात आहे. तारामतीच्या अंगाने येणारी मंगळगंगा येथूनच वाहते व पुढे पाचनईकडे उतरून मुळेला मिळते. मंदिराभोवतीच्या पाषाणात गुहा व टाकी कोरलेली आहेत आणि त्यांतील काहींत उन्हाळ्यातही पाणी असते. आधी पाणी पाहिले, मग देवाची जागा धरली, असे माझे मत झाले आहे. कोणा विद्वानाचे वेगळे असेल तर त्यांनी अवश्य कळवावे.

मंदिरापासून थोडे खाली ओढ्याच्या बाजूला केदारेश्वराची गुहा आहे. आत पाच फुटांच्या आसपास उंचीचे भव्य शिवलिंग, भोवती कंबरभर पाणी. लिंगाच्या चारी बाजूंना चार खांब होते, त्यांतील एकच आज अखंड आहे. हे चार खांब म्हणजे चार युगे, तीन संपली, चौथा पडेल तेव्हा कलियुग संपेल, अशी कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रदक्षिणा घालायची तर पाण्यात उतरावे लागते. वैशाखातही पाय बधिर होतील इतके ते थार. याचेही कारण आहे. पाषाणातून पाझरणाऱ्या पाण्याचे उष्णतामान वर्षभर फारसे बदलत नाही, आणि गुहेत ऊन पोहोचत नाही. उन्हातून आलेल्या अंगाला ते बर्फासारखे लागते. पावसाळ्यात समोरचा ओढा भरून वाहतो तेव्हा गुहेकडे जाता येत नाही. देवाने चार महिने आपले दार आपणच लावून घेतलेले असते.

मी पाण्यात उतरलो, प्रदक्षिणा घातली आणि मग लक्ष देऊन पाहिले. या सबंध रचनेत पाण्याला अडविणारा असा एकही दगड मला दिसला नाही. भिंती डोंगराच्याच आहेत. तळ डोंगराचाच. पाणी येते तेथून येऊ दिले आहे आणि जाते तेथून जाऊ दिले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ लोखंडाची छिन्नी होती, मनुष्यबळ होते, राजाचा पैसा होता. मनात आणले असते तर त्याने पाझराच्या तोंडावर देवळाचा चौथरा घातला असता. तसे न करता त्याने पाण्याभोवती देव कोरला.

या ठिकाणी चांगदेवांनी तप केले व 'तत्त्वसार' हा ग्रंथ रचला. त्याचा काळ शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२ असा मिळतो. मंदिरातील शिलालेखातही चांगदेवांचे नाव येते. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी ज्यांची समाधी आहे ते चांगदेव हेच की दुसरे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ते काहीही असो; ज्या डोंगरावर आज मनुष्य दुसऱ्या दिवशी खाली उतरण्याची घाई करतो, तेथे एक पुरुष ग्रंथ पुरा होईपर्यंत राहिला. अन्न खालून आणता येते. पाणी असल्यावाचून ते घडले नसते.

आता जे सांगायचे ते फार आनंदाने सांगत नाही. मंदिराजवळ सप्ततीर्थ नावाची पुष्करणी आहे. काठावर चौदा लहान देवळ्या, त्यांत पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या. त्या पुढे गुहेत हलविण्यात आल्या. आमच्या गावचे वृद्ध या पुष्करणीचे पाणी ओंजळीने पीत. मी पहिल्या खेपेस प्यालो आहे. आज ते पिण्यासारखे राहिलेले नाही. हौशी मंडळी गडावर झुंडीने येतात, येताना बाजारातले 'मिनरल वॉटर' बाटलीबंद घेऊन येतात, आणि रिकामी बाटली तीर्थात टाकून जातात. खनिज पाण्याच्या उगमावर खनिज पाणी विकत आणायचे आणि त्याच्याच टरफलाने उगम बुजवायचा, याला काय म्हणावे! हा सर्व भाग १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचा. त्यामुळे झाडीला राखण मिळाली हे खरे. परंतु बाटली टाकणाऱ्या प्रत्येक हातामागे एक वनरक्षक कोठून आणणार? पाचनईची तरुण मुले गडावर येणाऱ्यांना झुणका-भाकर देऊन चार पैसे मिळवितात आणि सोमवारी पोती भरून कचरा खाली आणतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांचे नाव कोठे छापून येत नाही म्हणून येथे लिहिले.

उतरताना बाबांनी त्यांच्या वाडीचा झिरा दाखविला. दोन दगडांच्या बेचक्यातून धार येत होती. खाली कळशी लागेल एवढी जागा. त्या झिऱ्याचा गाळ वर्षातून एकदा होळीनंतर काढतात, तोही हाताने. कुदळ लावायची नाही असा त्यांच्या वाडवडिलांचा दंडक. मी कारण विचारले. ते म्हणाले, "पाण्याची शीर बारीक असती. घाव बसला का ती दुसरीकडं तोंड काढती. मंग बसा हुडकत."

हे ऐकून मला चर्रर्र झाले, कारण हा प्रकार मी पाहिलेला होता. गावाचे नाव सांगत नाही. तेथे देवळाच्या मागे दगडी कुंड होते व त्यात बारमाही झरा होता. जीर्णोद्धाराच्या वेळी कुंड मोडके दिसते म्हणून त्याचा तळ खणून सिमेंटचा गिलावा केला, कडेने रंगीत फरशा बसविल्या, मधोमध कारंजे लावले. काम पाहायला पाहुणे आले, फोटो निघाले. पहिल्या उन्हाळ्यात कुंड कोरडे पडले. पाणी गेले नव्हते. दोन वर्षांनी खालच्या अंगाला एका बांधाखाली ओल दिसू लागली, तेथे आता चिखल असतो, उपयोग कोणालाच नाही. कुंड भरण्यासाठी बोअर घेतला. वीज असेल तेव्हा देवाला पाणी. पुजाऱ्याने मला एवढेच सांगितले की, पूर्वी पहाटे गाभाऱ्यात झऱ्याचा आवाज येत असे.

ग्रामस्थहो, हे सर्व आत्ता लिहिण्याचे कारण आपण ओळखले असेलच. आपल्या महादेवाच्या मागे जे कुंड आहे त्याची गोष्ट त्या गावापेक्षा वेगळी नाही. त्याला कोरीव काम नाही, शिलालेख नाही, चांगदेव तेथे राहिले नाहीत. चार हात लांब, तीन हात रुंद, काळ्या दगडांची कोरडी रचाई. पण ज्या वर्षी, १९७२ साली, सबंध महाराष्ट्रात पाण्यावाचून माणसे-जनावरे तडफडली, त्या वर्षी आपले गाव या कुंडावर तगले, असे आपल्या सर्वांच्या घरी सांगतात. माझी आजी सांगत असे की, रात्री पाळीने कंदील घेऊन बायका बसत आणि वाटीने पाणी भरीत. एका घराला दोन कळश्या, बाळंतिणीच्या घराला तीन.

समितीच्या सभेत या कुंडाबद्दल दोन मते पडली. काही देणगीदार बंधूंनी मोठ्या भक्तीने असे सुचविले की, मंदिर एवढे नवे होत असताना कुंड जुनाट दिसू नये. तळाला काँक्रीट व चारी बाजूंनी ग्रॅनाइट बसवावे, खर्च आम्ही सोसतो. त्यांच्या भावनेविषयी कोणाच्याही मनात किंतु नाही. मुंबई-पुण्याला, नाशिकला कष्ट करून त्यांनी गावच्या देवासाठी पैसा पाठविला आहे. सभेत मी माझे मत स्पष्ट मांडले, आणि ते येथेही मांडतो. आपला झरा कुंडाच्या तळातून व उत्तरेच्या भिंतीतून येतो. त्या भिंतीच्या सांध्यांत चुना नाही, हा गवंड्याचा आळस नव्हे. पाणी आत यावे म्हणूनच ते सांधे मोकळे आहेत. तेथे सिमेंट भरले की आपण स्वखर्चाने झऱ्याचे तोंड लिंपले. केदारेश्वराच्या कारागिराने जे हजार वर्षांपूर्वी टाळले, ते आपण ग्रॅनाइट लावून करायचे काय? सभेत कोणी म्हणाले की पाणी आटले तर वर बोअर घेऊ. त्यांच्या माहितीसाठी लिहितो, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्यानेच बंदी केली आणि २००९ च्या भूजल कायद्यानेही उद्भवाचे संरक्षण कायम ठेवले. पण कायदा बाजूस ठेवला तरी, कुंडाच्या वरच्या अंगाला बोअर घेणे म्हणजे आपल्याच कणगीला मागून भोक पाडणे होय.

सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. वाद झाला, आवाज चढले, नंतर चहा झाला. ज्या बंधूंनी ग्रॅनाइटची रक्कम देऊ केली होती त्यांनीच शेवटी ती रक्कम कुंडाच्या वरच्या टेकडीवर दगडी बांध घालण्यासाठी व झाडे लावण्यासाठी वळती करण्यास संमती दिली, हे त्यांच्या मोठेपणास धरून झाले. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी कुंडावर न लावता टेकडीच्या वाटेवर लावण्याचे ठरले. वड, उंबर, करंज व हिरडा यांची रोपे पहिल्या पावसानंतर लावावयाची आहेत. शेळ्या कोणाच्या बांधाव्यात व कोणाच्या सोडाव्यात यावर अजून एकमत व्हावयाचे आहे, तो प्रश्न ग्रामसभेत येईल.

कुंडाच्या कामाचा तपशील पुढीलप्रमाणे ठरला आहे. जुनी रचाई तशीच ठेवावयाची. निखळलेले दगड पूर्वीच्या जागी कोरडेच बसवावयाचे. पिण्याच्या पाण्याचे गोमुख खालच्या बाजूला, आणि कपडे-भांडी धुण्याची शिळा त्याहून वीस हात खाली, ओढ्याच्या काठी. कुंडात साबण व निर्माल्य टाकू नये. निर्माल्यासाठी मंदिराच्या डाव्या अंगाला खड्डा केला आहे. गाळ काढण्याचे काम होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता सुरू होईल. घमेली व खराटे समिती पुरवील. येणाऱ्यांनी पहार व कुदळ आणू नये.